बिनआवाजाची थोरली

"एकदा, फक्त एकदा जरी वाटेत बंद पडली ना, तर सोमवारी जुनं इंजिन परत बसवायचं. आणि मधली-धाकटीचं नाव पुन्हा या घरात काढायचं नाही. मंजूर?"

राजेशने हे चारचौघांत विचारलं. चारचौघांत म्हणजे अख्ख्या चाळीसमोर. सप्ताहाचा शेवटचा दिवस, सकाळचं कोवळं ऊन, लालबागच्या त्या पटांगणात पालखी नुकतीच टेम्पोवर चढवलेली. कुणी झेंडूच्या माळा बांधत होतं, कुणी काल्याच्या लाह्या निवडत होतं. सगळ्यांचे हात थांबले.

"मंजूर, काका," अक्षदा म्हणाली.

"अगं, जरा विचार करून बोल," तिचे वडील, निलेश, हातातले टाळ पोटाशी धरून पुटपुटले. थोरल्या भावासमोर निलेशचा आवाज नेहमीच असा पोटाशी जायचा.

"विचार दिवाळीपासून करतेय, पप्पा."

ते खरंच होतं. हळदणकरांच्या तीन टेम्पोंना घरात मुलींसारखी नावं होती: थोरली, मधली आणि धाकटी. शिवडीच्या गोदामांतून माल उचलायचा आणि दादर-परळच्या दुकानांत पोचवायचा, हा घराचा धंदा. थोरली घेतली होती धोंडूआजोबांनी, गिरणीला टाळं लागलं तेव्हा. दर वर्षी सप्ताहाच्या सांगतेला चाळीच्या विठोबाची पालखी थोरलीवरूनच निघायची. दिवाळीत अक्षदाने ती मागून घेतली. शिवडीला ती आणि तिचा कॉलेजातला दोस्त डॅरेन जुन्या गाड्या विजेवर करायचं वर्कशॉप चालवत होते. पास्कल अंकलच्या गॅरेजचाच तो अर्धा भाग, डॅरेनच्या बापाचा. तिथे थोरलीच्या पोटातून डिझेलचं इंजिन निघालं, मोटर बसली, बॅटऱ्या बसल्या. आरटीओचं पासिंगसुद्धा झालं. आज ती पहिल्यांदा देवाच्या कामाला उभी होती. ती धड पोचली, तर मधली आणि धाकटीही विजेवर करायच्या, हा अक्षदाचा हट्ट होता.

"गाडयेक आवाज नाय म्हंजे जीव नाय," बकुळाआत्या ओवाळणीचं ताट सावरत म्हणाली. ती धोंडूआजोबांची धाकटी बहीण. घरातले सगळे तिला आत्याच म्हणत, नात्याने ती कुणाची कोण का असेना. "देवाक मुकी गाडी चलतली काय?"

"आत्ये, देव तरी कुठे बोलतो?" अक्षदा हसली.

"तू गप रव. बापाशीवर गेली असतंस तर बरा झाला असता."

राजेश मात्र हसायला तयार नव्हता. "मला एक सांग. तुझी वीज येते कुठून? कोळशातूनच ना? मग इथला धूर तिथे नेऊन सोडला, त्यात देशाचं काय भलं झालं?"

हा प्रश्न तो घरी रोज विचारायचा. पण आज पुढ्यात दौलतबुवा बसले होते, काल्याच्या कीर्तनासाठी आलेले, म्हणून अक्षदाने उत्तरही कीर्तनातल्यासारखंच दिलं. "काका, तुमच्या इंजिनाला रुपयाचं डिझेल पाजलं, तर चार आणे चाकाला लागतात. बारा आणे नुसती उष्णता. रेडिएटर तापतो, सायलेन्सर तापतो, तुमचं डोकं तापतं." पटांगण खिदळलं. "मोटरचं उलटं आहे. बारा आण्याच्या वर चाकाला जातं. म्हणजे कोळशाची वीज घेतली तरी फायदा, आणि उन्हावरची वीज दर वर्षी वाढतेय. डिझेल मात्र जन्मभर डिझेलच राहणार. अख्ख्या देशाचा माल आपल्यासारख्याच गाड्यांनी फिरतो. त्या सगळ्या वळल्या की मग बोला."

"वळल्या की! कोण वळवणार? आपल्या या तिघी?"

"कुणीतरी पहिली चिपळी वाजवायला लागते," दौलतबुवा पान चघळत म्हणाले. "सगळे एकदम वाजवू म्हणाले तर भजन कधी सुरूच व्हायचं नाही."

"बुवा, तुम्ही पण?"

"मी कुणाकडून नाही रे बाबा. मी आपला पालखीकडून."

राजेशची बायको सुचित्रा आतापर्यंत लाह्यांच्या सुपाशी गप्प होती. ती मान वर न करता म्हणाली, "मी अक्षदाकडून."

राजेशने चमकून पाहिलं.

"बघता काय? तुमचे रुमाल मी धुते. शिवडीहून आलात की काळे. खोकलात की काळे. साबण हरला, मी नाही हरणार."

मामला असा तापलेला असतानाच धोंडूआजोबांना दोघांनी हात देऊन टेम्पोवर चढवलं. त्यांच्या गळ्यात वीणा होती. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून निघते ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पाया पडून घेतात आणि पाया पडून देतात. मिरवणुकीतला पहारा आजोबांचा, आणि गुडघे गेल्यापासून तो त्यांनी टेम्पोवर, पालखीशेजारी बसून द्यायचा. चालवणार राजेश. देवाची गाडी त्याने आजवर दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नव्हती. आज तर देणारच नव्हता. पैज हरायची ती स्वतःच्या पायाखाली, जिंकायची तीही.

"पुंडलिक वरदे..." बुवांनी गजर दिला, टाळ कडाडले, आणि थोरली निघाली.

निघाली हे कळलंच नाही कुणाला. झेंडूची माळ हलली तेव्हा कळलं.

*

धोंडूआजोबांना आधी वाटलं, आपले कानच गेले.

इतकी वर्षं थोरलीच्या हौद्यात बसलं की बुडाखालून धडधड यायची, दातांत शिरायची, वीणेच्या भोपळ्यात जाऊन घोंघावायची. तार छेडायची ती बोटांच्या भरवशावर. तिचा आवाज काही कानापर्यंत यायचा नाही. आज त्यांनी सवयीने तार छेडली आणि दचकून बोट मागे घेतलं. वाजली होती.

पुन्हा छेडली. पुन्हा वाजली.

"अगो बाय," आजोबा पालखीकडे बघून हळूच म्हणाले. लालबागचा रस्ता त्यांना आज नाकानेही वेगळा लागला. मसाला गल्लीच्या तोंडाशी भाजलेल्या मिरचीचा आणि धण्याचा वास थेट हौद्यात आला. नाहीतर पालखीच्या दिवशी या गल्लीला वास असायचा तो फक्त थोरलीचा. लहानपणी बाप त्यांना दादरच्या ट्राममधून न्यायचा, बाप ट्रामवर कंडक्टर होता. ती ट्रामही विजेवरच धावायची. मग लोकांनी ती काढून टाकली, धूर विकत घेतला, आणि आता ही पोर पुन्हा वीज घेऊन आली. 'देवा, तू पण गिरकी घेतोस हां,' असं मनात म्हणून त्यांनी गळा मोकळा केला आणि आपली नेहमीची चाल लावली. रामकृष्ण हरी. संथ, एकेक अक्षर निवडून.

केबिनमध्ये राजेशचा डावा पाय क्लच शोधत होता. क्लच नव्हता. गिअरवर हात जायचा, तिथे नुसती एक मूठ होती. पाय जरा दाबला की गाडी लोण्यासारखी सरकायची, उचलला की आपसूक मंद व्हायची. परळच्या बाजूला थोडा चढ आहे. तिथे दर वर्षी दिंडीतले म्हातारे नाकाला उपरणी लावायचे, कारण थोरली काळा लोट सोडायची. आज ती चढ चढली आणि उपरणी खांद्यावरच राहिली. कडेला एक टॅक्सीवाला काच खाली करून ओरडला, "क्या बात है, पालखी उड रही है क्या?"

राजेशला हसू आलं. त्याने ते गिळलं.

*

इथे दिंडीची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यामुळे झाला. हळदणकरांच्या पालखीपुढे चालणारी दिंडी मागे वळून पाहत नाही. देव मागून येतो आहे, हा विश्वास. तपासणी कसली करायची? पण खरी गोष्ट अशी की, तपासणी कान करायचे. थोरलीची धडधड चढली की चालायचं, उतरली की उभं राहायचं, पावली घालायची. वर्षानुवर्षं दिंडी भजनावर नाचायची आणि इंजिनावर चालायची. हे कुणी कधी बोललं नव्हतं, कुणाच्या लक्षातही नव्हतं.

भारतमाता थिएटरजवळच्या नाक्यावर बायका ओवाळायला उभ्या होत्या. राजेशने गाडी थांबवली. बकुळाआत्या ताट घेऊन पुढे झाली, तिच्यामागे सुचित्रा आणि चाळीतल्या चौघीजणी. पालखीला ओवाळलं, आजोबांना ओवाळलं, आणि मग रीतीप्रमाणे आत्या गाडीच्या तोंडाशी आली. गाडीलाही कुंकू लागतं.

ओवाळून झालं. राजेशने पाय दाबला.

काही नाही.

त्याने पुन्हा दाबला. समोरच्या पट्टीवर मघाशी हिरवा दिवा होता, तो गेला होता. थोरली जागच्या जागी, आणि समोर दिंडी टाळ कुटत, गिरक्या घेत, विठ्ठल विठ्ठल करत पुढे चाललेली. तिला थांबवणारी धडधड मुळी नव्हतीच. बघता बघता दिंडी कोपऱ्यावरून वळली आणि दिसेनाशी झाली. देव मागेच राहिला.

'पडली,' राजेशच्या मनात आलं. 'बंद पडली.' छातीत आनंदाची एक उकळी फुटली. त्याने स्टिअरिंगवर हात ठेवले आणि तो टेकून बसला. आता धावपळ त्यांची. बघू दे.

धावपळ झालीच. अक्षदा गाडीच्या बाजूने चालत होती, ती चाकाशी वाकली. डॅरेन मागून धावत आला. "बॅटरी?" "फुल आहे यार!" "कंट्रोलर?" "थांब, बघतो!" तो वाकला, गाडीखाली डोकावला, वायरी चाचपल्या, उठून पुढे आला आणि एकदम कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"अक्षू, इकडे ये. हसू नको."

थोरलीच्या नाकावर, काचेखाली मधोमध, जिथे पूर्वी कंपनीचा बिल्ला होता तिथे, डॅरेनने एक मोठं लाल गोल बटण बसवलं होतं. गोदामात माल चढवताना काही झालं, तर बाहेर उभ्या असलेल्या कुणालाही एका ठोशात सगळी वीज तोडता यावी म्हणून. ते आत दाबलेलं होतं. आणि त्यावर ठसठशीत कुंकू होतं, अंगठ्याने लावलेलं, वर दोन तांदळाचे दाणे.

दोघांनी एकाच वेळी बकुळाआत्याकडे पाहिलं.

"काय झाला?" आत्या म्हणाली. "माझ्याकडे काय बघतात? कपाळाक कुंकू लावलंय. लाल गोल, मधोमध, कपाळ नाय तर काय ता?"

"दाबलंत?" डॅरेनने विचारलं.

"दाबूनच लावतत कुंकू! नायतर वाऱ्यान उडान जाता."

डॅरेन हसता हसता जमिनीवर बसायचा बाकी राहिला. मग खाली वाकून तो अक्षदाच्या कानाशी कुजबुजला, "फिरवतो मी, लगेच सुटेल. दिंडी पुढे गेली, कुणी पाहिलं नाही. काकांना सांगू, ओवाळणीसाठी मीच बंद केली होती. चल."

अक्षदाने बटणाकडे पाहिलं. एक पीळ, आणि मधली-धाकटी आपल्या. एक पीळ, आणि शिवडीचं वर्कशॉप जगलं. काकांनी नाही म्हटलं, तर शिवडीत दुसरा कोण टेम्पोवाला तिच्याकडे गाडी आणणार होता? घरच्यांनीच नाकारली म्हणतील. तिने डोळे मिटले. हौद्यात विठोबा होता, कमरेवर हात ठेवून, बघत.

"नको," ती म्हणाली. "आधी सांगते."

ती केबिनच्या खिडकीशी गेली. "काका, बंद पडली. म्हणजे आत्येने लाल बटण दाबलं, पण बंद पडली हे खरं. एकदा म्हणाला होतात. तुम्ही जिंकलात."

"शूऽऽ," राजेश म्हणाला.

"काय?"

"गप्प बस जरा. ऐकू दे."

*

मागे, हौद्यात, आजोबा गात होते.

दिंडी गेल्याचं त्यांना कळलं नव्हतं. त्यांचे डोळे मिटलेले होते. इंजिन नसल्याने आणि टाळ दूर गेल्याने नाका जणू देवळाच्या गाभाऱ्यासारखा झाला होता. इतकी वर्षं राजेशने ही गाडी चालवली. मागे बाबा गातात हे त्याला माहीत होतं. काय गातात, हे माहीत नव्हतं. त्याला वाटायचं, नामच असेल.

नामच होतं. पण दर नामानंतर आजोबा वीणेची तार तशीच झणझणत ठेवून देवाशी बोलत होते. आवाज दाबायची सवय त्यांना नव्हतीच. इंजिन होतं ना दाबायला.

"रामकृष्ण हरी. बकुळेचे डोळे शाबूत ठेव रे. रामकृष्ण हरी. निलेशला जरा तोंड दे, नुसता मान हलवतो. रामकृष्ण हरी. सुचित्रेचं सगळं चांगलं कर, माझी लक्ष्मी ती; फक्त आमटीतलं मीठ तेवढं आवर..."

नाक्यावरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. सुचित्रा लाल झाली. "अग्गोबाई, म्हणजे इतकी वर्षं..."

"रामकृष्ण हरी. पुढे गाडी हाकतोय त्याला सांभाळ, पांडुरंगा. माझ्या राजेशला. शिवडीचा सगळा धूर त्याच्या छातीत जातो. रात्री भिंतीपलीकडे खोकतो, मी मोजत पडतो. मला सांगत नाही. त्याच्या वाट्याचा खोकला माझ्या छातीत घाल, माझे आता कितीसे दिवस... पण त्याला मोकळा श्वास दे. रामकृष्ण हरी."

राजेशने स्टिअरिंगवरचे हात काढले. काय करायचं ते त्यांना सुचेना, म्हणून मांडीवर ठेवले. दर वर्षी, याच रस्त्याने, त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर हे मागणं चालू असणार. आणि तो पाय दाबून इंजिन वाढवत असणार.

*

तिकडे चिवडा गल्लीच्या तोंडाशी दौलतबुवांनी अभंग संपवला, 'आता देवाला सामोरे होऊ' म्हणून रीत मोडून मागे वळले, आणि उडालेच.

"अरे, देव कुठाय?"

सगळी दिंडी वळली. मागे एक बेस्टची बस उभी होती. तीही बॅटरीवरची, म्हणून गुपचूप. ड्रायव्हरने बसल्या जागेवरून नमस्कार केला.

"म्हणजे इतका वेळ आपण बशीपुढे नाचत होतो?" कुणीतरी म्हणालं आणि हसण्याचा नुसता स्फोट झाला.

निलेश मात्र हसला नाही. त्याला एकच कळलं: गाडी बंद पडली. अक्षदा हरली. त्याला तिची दिवाळीपासूनची काळी नखं दिसली, जेवणाच्या ताटावर पेंगलेली मान दिसली. त्याने टाळ वर धरले, कधी नव्हे तो गजर स्वतः दिला आणि दिंडी उलटी फिरवून जवळजवळ पळवतच आणली. नाक्यावर येताच तो धापा टाकत केबिनसमोर उभा राहिला.

"दादा! बंद पडली असेल. पडू दे. तरी जुनं इंजिन परत बसवायचं नाही. धाकटी मी चालवतो, ती मी देणार अक्षदाकडे. तुझी मधली तू ठेव हवी तर. काय रागवायचं ते रागव."

हळदणकरांच्या घरात हे वाक्य निलेशने बोलावं, हे गाडी बिनआवाजाची चालण्याइतकंच नवल होतं.

राजेश खाली उतरला. डोळे पुसायला खिशातून रुमाल काढला, त्याचा काळा डाग पाहिला आणि परत खिशात घातला.

"कोण म्हणतं बंद पडली?"

"अक्षदाच सांगतेय, काका," डॅरेन बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"ती खरं बोलली, हे बरं केलं. पण गाडी कळते मला तिच्यापेक्षा. मी ब्रेक मारला आणि गाडी उभी राहिली, तर ती बंद पडली म्हणतात का? आत्येने थांब म्हटलं, ती थांबली. माणसाचं ऐकते ती गाडी चांगली. डॅरेन, फिरव ते तुझं बटण."

डॅरेनने पीळ दिला. हिरवा दिवा लागला.

"म्हणजे, काका...?" अक्षदाने विचारलं.

"म्हणजे काय? निलेश शाणा झाला, धाकटी देतो म्हणतो. आणि मधली काय घरी उपाशी ठेवायची? आधी माझी मधली घे. मग त्याची."

"दादा, आधी मी म्हटलं!"

"मी थोरला!"

"भांडाक आता ह्या एक नवीन गावला," बकुळाआत्या म्हणाली, आणि ताटातलं उरलेलं कुंकू तिने अक्षदाच्या कपाळाला लावलं. हळूच लावलं, न दाबता.

आजोबांनी डोळे उघडले. समोर सगळं कुटुंब, सगळी दिंडी, सगळा नाका त्यांच्याकडे बघत होता. "काय रे, पोचलो काय?"

"पोचलो, बाबा," राजेश म्हणाला.

*

काल्याच्या कीर्तनात दौलतबुवांनी त्या दिवशी गोपाळांचा देव मागे राहिल्याचं आख्यान असं काही रंगवलं की लोक हसून हसून रडले. दहीहंडी फुटली. लाह्या-दह्याचा काला ओंजळीओंजळीत गेला. अक्षदा म्हणाली, "काका, सोमवारी आणा गाडी शिवडीला, सावकाश."

"सोमवार कशाला? आज काय वाईट आहे? काल्यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला?"

"आज रविवार आहे, काका!"

"पास्कलला फोन लाव. म्हणावं, कुलूप उघड, हळदणकर येतायत. आणि त्याच्या बायकोला, ओल्गाला सांग, प्रसाद आणतोय."

मधलीचा हौदा भरला. काल्याचं पातेलं घेऊन सुचित्रा चढली, ताट घेऊन आत्या चढली, निलेश चढला, डॅरेन चढला, नको नको म्हणत बुवाही चढले. आजोबांना मधोमध बसवलं. अक्षदा काकांशेजारी, केबिनमध्ये. राजेशने चावी फिरवली. मधली खाकरली, थरथरली, धडाडली आणि तिने पटांगणात शेवटचा काळा लोट सोडला. बायका खोकत, हसत बाजूला झाल्या.

हौद्यातून आजोबा पुढे वाकून काहीतरी सांगत होते. त्यांचे ओठ हलताना आरशात दिसत होते. राजेशने मान बाहेर काढली आणि इंजिनावर आवाज चढवून तो ओरडला,

"पुढच्या महिन्यात सांगा, बाबा! तेव्हा ऐकू येईल!"